काचेतला फोटो

वाढदिवसाची कामं मला कधीच आवडली नाहीत. लग्नात निदान भटजी मुहूर्ताची घाई करतात. वाढदिवसाला सातची वेळ म्हणजे साडेनऊ, आणि केक कापायला सुरी सापडेपर्यंत निम्मी पोरं खुर्चीत झोपलेली असतात. तरी हल्ली आमच्या भागात लग्नांपेक्षा वाढदिवसच जास्त. बाळाचा पहिला, पुढाऱ्याचा पन्नासावा, शर्यतीच्या बैलाचासुद्धा. बैलाचा वाढदिवस मी स्वतः काढला आहे, आणि खरं सांगते, सगळ्यांत कमी त्रास त्या बैलानंच दिला होता.

हे लिहिते आहे ते मात्र अंथुर्ण्याच्या एका मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाबद्दल. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. त्या मुलीला दहावीनंतर पुढं शिकायचं होतं, आणि एक वेळ अशी आली की ते माझ्या एका वाक्यावर ठरणार होतं. ते वाक्य बोलायला मी वेळेवर गेले नाही. माझ्या घरच्यांना वाटतं की मी आता तरी हे सोडून द्यावं. मला सुटत नाही.

आमचा स्टुडिओ इंदापुरात, तहसील कचेरीच्या वाटेवर. सासऱ्यांनी काढलेला. तालुक्याच्या कामाला येणारा प्रत्येक माणूस पासपोर्ट फोटो विसरून येतो, त्यावर आमची चूल पेटली. मी लग्न होऊन आले तेव्हा कॅमेऱ्याला हात लावायची मला बंदी होती. पण ओटी भरताना, डोहाळजेवणात, हळदीला बायकांना पुरुष फोटोग्राफर नको असायचा, म्हणून सासऱ्यांनीच एक दिवस कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. आता मी बाहेरची कामं करते आणि नवरा दुकानात कॉम्प्युटरवर बसून माणसांचे मुरूम पुसतो. आमचं बरं चाललं आहे.

मुलीच्या आईचा फोन आला तो मे महिन्याच्या तोंडावर. त्यांच्या भावकीतल्या एका लग्नाचं काम मी केलं होतं, त्या ओळखीवर. म्हणाली, "पोरगीला पंधरा पुरी हुत्यात. पैल्यांदा साडी नेसवायची हाय, वटी भरायची हाय, आन केकबी हाय. समदं एकाच दिवशी. तुमीच या, बाप्या मानूस नको."

केकाबरोबर ओटी कशाला, हे मला तिथं गेल्यावर कळलं. त्यांच्याकडे मुलगी मोठी झाली की तिला मखरात बसवायची रीत होती. गावातल्या बायका यायच्या, गाणी व्हायची, पाच दिवस गोडधोड. आईला तेराव्या वर्षी बसवलं होतं आणि सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. या मुलीनं मात्र स्वच्छ सांगितलं होतं, मला मखर नको, ही काय गावाला वाजवून सांगायची गोष्ट आहे का. दोन वर्षं मायलेकींचं त्यावरून भांडण चाललं. शेवटी तोड निघाली ती अशी, की पंधराव्या वाढदिवसाला आईची हौस म्हणून साडी, ओटी, सगळं करून घ्यायचं, आणि त्या बदल्यात आईनं अकरावीला बारामतीला पाठवायचं, हॉस्टेलवर. वडिलांनी दोघींच्या मध्ये बसून हा करार केला. मुलगी तो मला सांगत होती तेव्हा आई तिच्या निऱ्यांना पिना लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "व्हय, दिलाय शबूद. आता हल नको."

बाप बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. घरचा ऊस कॅनॉलच्या पाण्यावर, तो बापाचा धाकटा भाऊ बघायचा. वडिलांनी मुलीला एकदा कारखाना दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"काकू, तितं लॅब हाय," ती मला म्हणाली. आई ब्लाउजच्या बाहीला टाका घालत होती आणि ही हात वर करून उभी होती. "पांढरा कोट, डोक्याला टोपी, समद्या पोरीच. टँकर आला की त्या नमुना घेत्यात. एक पोरगी न्हाय म्हनली की अख्खा टँकर परत. ड्रायवर केवढा मोठा माणूस, पन गपचीप गाडी वळवतो!"

मी म्हटलं, "मग तुला दूध तपासायचंय की ड्रायव्हरला परत पाठवायचंय?"

"दोनी," ती म्हणाली.

मला ती आवडली. मुलं मला सहसा आवडत नाहीत, कामाच्या वेळी तर नाहीच. पण ही बोलता बोलता स्वतःच हसायची, आणि हसली की वरचा एक वाकडा दात दिसायचा, तो झाकायची तिला सवय नव्हती. रंग सावळा, उंची बापाची. साडी मोरपंखी होती, आईनं निवडलेली. ती नेसवून झाली आणि मुलगी वळली तर आई दोन पावलं मागे सरली.  साडी आपल्याकडे मुलीचं वय एका क्षणात पाच वर्षांनी वाढवते, हे मला ठाऊक आहे. माझा धंदाच तो आहे.

एकटीचे फोटो मी उन्हं उतरल्यावर उसाच्या कडेला घेतले. तिला मोकळं उभं राहता येत होतं, पण मला पाहिजे तसं नव्हतं. फोटोत बाई कशी उभी राहावी याचं एक माप माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे, तीस वर्षांचं. मी मुलींना सांगते, पायाच्या अंगठ्याकडे बघ. बघितलं की मान आपोआप झुकते. मग म्हणायचं, मान तशीच ठेव आणि फक्त डोळे वर कर. कुठलीही मुलगी त्यात लाजरी दिसते, मग ती घरात भांडी का आपटत असेना. ही पाच वेळा हसली. सहाव्या वेळी मी तिच्यावर ओरडले, उजेड चालला, जरा शहाण्यासारखं कर. तेव्हा ती बिचकली, आणि त्या बिचकण्यातच मला हवा तो फोटो मिळाला.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवला तर म्हणाली, "ह्या बाई कोन?"

आई मात्र त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "दिष्ट काढाया पायजे."

संध्याकाळी थाट मोठा होता. मुलगी ट्रॅक्टरवर बसून आली, पुढे धूर सोडायचं मशीन, मागे पत्र्याच्या शेडभर माणसं. केकच्या टेबलामागे एक आणि पाच आकड्यांचे सोनेरी फुगे. मंडपात शिरण्याआधी बापानं स्वतःच्या हातानं तिला फेटा बांधायचा, असं ठरलं होतं. बांधणारा भाड्यानं मिळतो, पण त्याला स्वतःलाच बांधायचा होता. दोनदा सुटला. लोक ओरडत होते, "आवो, चारा बांधताय का फेटा?" तिसऱ्या वेळी त्यानं कापडाचं टोक दातात धरलं आणि डोळे मिटून गुंडाळायला लागला, आणि ती गुडघे वाकवून त्याच्या हातांखाली आली आणि हसत सुटली, वाकड्या दातासकट. तो फोटो मी काढला. माझ्या सगळ्या कामात माझे स्वतःचे म्हणावेत असे दहाबारा फोटो आहेत, त्यांतला तो एक.

काचेत मी तो लावला नाही.

आमच्या धंद्यात चांगला फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावायची पद्धत आहे, आणि ज्याचा फोटो त्याला विचारायची पद्धत नाही. सासरे म्हणायचे, ज्याचा फोटो काचेत लागला त्यानं पेढे वाटावेत. हसरा फोटो काचेत चालत नाही. हसणाऱ्या माणसाकडे लोक बघून पुढे जातात, खाली बघणाऱ्या बाईपाशी थांबतात. म्हणून मी उसाच्या कडेचा तो लाजरा फोटो निवडला. नवऱ्यानं कपाळावरच्या पुटकुळ्या पुसल्या, रंग एक घर उजळला. साडीतलाच दुसरा एक फोटो केकच्या टेबलापाशी घेतलेला होता, त्यात मागे फुगे होते. नवरा म्हणाला, हा लावू, वाढदिवसाची पण जाहिरात होईल. मी म्हटलं, फुगे स्वस्त दिसतात. आधीची नऊवारीतली नवरी काढली आणि तिच्या जागी हिला बसवलं. दोन्ही बाजूंना नवऱ्याच होत्या. त्या काचेपुढे उभं राहून ही मुलगी पंधरा वर्षांची आहे असं कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आठवड्याभरात एक बाई दुकानात आली. नवऱ्याच्या कसल्याशा दाखल्यासाठी फोटो काढायला आली होती. त्याचा फोटो निघेपर्यंत ती बाहेर काचेसमोर उभी होती. आत येऊन म्हणाली, "ही पोरगी कुनाची वो?"

आता आमच्याकडे कुणी असं विचारलं तर उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. कुणाची, कुठली, हे सांगितल्याशिवाय माणसाला माणूस समजत नाहीत. त्यात फोटो मी काढलेला, माझी मान वर. उचलली जीभ लावली टाळ्याला. गाव सांगितलं, बाप कुठे कामाला आहे ते सांगितलं, कॅनॉलच्या पुलावरून किती आत घर आहे तेही सांगितलं. बाई म्हणाली, "आमच्या पुतण्याला बघतोय. तीस एकर डाळिंब हाय, पर पोरीच गावंनात." मी म्हटलं, "लहान आहे हो ती." एवढं म्हणाले, हे मला नक्की आठवतं. पण किती लहान, ते म्हणाले नाही. ती म्हणाली, "बघाया काय जातंय," आणि मोबाइल काढला. काचेवर चमक येत होती, म्हणून मी आतली ट्यूब बंद केली. तिला फोटो स्वच्छ यावा म्हणून.

शेती करणाऱ्या मुलांना आमच्याकडे मुली मिळत नाहीत. बंगला आहे, ठिबक आहे, दारात गाडी आहे, आणि पोरगा पस्तिशीला टेकला तरी बिनलग्नाचा. अशा घरांचे मोबाइलवर ग्रुप आहेत. त्यात मुलीचा फोटो पडला की बाजारात भाव फुटल्यासारखा पसरतो. मला हे माहीत होतं. लग्नाची कामं करणाऱ्या बाईला हे माहीत नसेल तर कुणाला?

पंधरा-वीस दिवसांनी, एका सोमवारी दुपारी, तिच्या आईच्या नंबरवरून फोन आला. बोलत ती होती, आवाज दाबून.

"काकू, तुमी माझा फोटू कुनाला दिला व्हता का?"

मी म्हटलं, का गं, काय झालं. तिनं सांगितलं ते असं. दहा दिवसांत चार ठिकाणची माणसं घरी येऊन गेली होती, न सांगता, गाडी करून. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिचा तो साडीतला फोटो. कुठून आला विचारलं की म्हणायचे, ग्रुपवर आला. मग गावातल्याच कुण्या टवाळानं त्याला गाणं लावून फिरवला. वर्गातली मुलं वाटेत गाठून चिडवायला लागली. आईनं तिला विचारलं, तू कुणाला पाठवलास? फोटोंचा पेनड्राइव्ह तिच्याच कपाटात होता. ती नाही म्हणाली. आईनं मारलं.

"आई म्हनती, माझं कुनाशी तरी हाय, त्यालाच पाठवला. म्हनती नाव निघायच्या आदी उरकून टाकू. आत्यानं एक स्थळ आनलंय. बारामतीचं न्हाय म्हनली आता."

"आणि बाबा?"

"बाबा बोलंनातच."

 दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मग मी सांगितलं, "अगं, तो फोटो आमच्या काचेत लावलाय. तिथून एका बाईनं नेला."

मला वाटलं ती चिडेल, रडेल. मी त्याचीच वाट बघत होते. पण तिनं मोठा श्वास सोडला आणि चक्क हसली.

"मग झालं की! काकू, तुमी येऊन आईला एवढंच सांगा. मी सांगितलं तर खरं वाटायचं न्हाय तिला. तुमी सांगितलं की झालं. बाबा तर लगीच ऐकत्याल. येताल ना?"

"येते," मी म्हटलं. "उद्या नाहीतर परवा येते."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

फोन ठेवल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर काचेतला फोटो काढला. तिथं परत दुसरी नवरी लावली. आणि मला हलकं वाटलं, जणू त्यात काही भरपाई झाली होती.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कशाला नसतं गळ्यात घेतेस? सगळी भावकी गाववाल्यांना सांगत फिरेल, स्टुडिओवाले पोरींचे फोटो वाटतात म्हणून. एकपण काम मिळायचं नाही तिकडचं. चार दिवसांत आपोआप थंड होईल." मी त्याच्याशी भांडले नाही. नवऱ्यावर ढकलायचं म्हणून हे लिहीत नाही. तो म्हणाला तेच मला ऐकायचं होतं, आणि एरवी त्याचं एक अक्षर न ऐकणारी मी त्या दिवशी फार आज्ञाधारक झाले.

मंगळवारी हळदीचं काम होतं, बुधवारी लग्न. लगीनसराईच होती, खोटं नाही. पण अंथुर्णं इंदापुरापासून स्कूटरवर तासाभराच्या आत आहे, आणि मंगळवारी मी सकाळभर मोकळी होते. घरातले बरण्या-डबे घासत बसले. मनात काय बोलायचं ते जुळवत होते. आधी चहापाणी होईल, मग इकडचं तिकडचं, मग सहज म्हणायचं की बहुतेक आमच्याकडूनच फोटो गेला असावा. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी तयारी चालली होती. शाळाशाळांच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा नंबर रंगवलेला असतो. तो चार आकडी नंबर मला पाठ होता. तोही मी लावला नाही. म्हटलं, आपण काय कुणाच्या घरात पोलीस घालायचे.

बुधवारी दुपारी अक्षता पडायच्या वेळेला फोन वाजला. तिच्या आईचा नंबर. मला वाटलं, मुलगी आहे, विचारणार, काकू आला नाहीत. मी फोन उलटा करून खिशात टाकला. संध्याकाळी परत वाजला. तेव्हा मी पाहुण्यांच्या पंगतीचे फोटो घेत होते. हातातलं काम थांबवून दोन मिनिटं बोलता आलं असतं. मी फोन वाजू दिला. उलटून केलाही नाही. उद्या जाणारच आहे, समोरासमोर बोलू, असं मनाशी म्हटलं.

गुरुवारी बारामतीत एका बाळाचा पहिला वाढदिवस होता. शुक्रवारी मी गेले.

पुलावरून आत वळले तेव्हा सकाळचे दहा झाले असतील. दाराबाहेर चपला नव्हत्या. आई ओट्यावर एकटीच बसली होती, शेजारी धुऊन वाळत घातलेल्या पितळी परातींची रांग. मला बघून उठली नाही. मी पायरीवरच बसले, आणि जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं. मी एकदम बोलून टाकलं. म्हटलं, फोटो मी काचेत लावला होता, तुम्हाला न विचारता लावायला नको होता, एका बाईनं माझ्यासमोर तो मोबाइलमध्ये घेतला, मीच तिला तुमचं घर सांगितलं. तुमच्या मुलीनं कुणाला काही पाठवलेलं नाही. तिचं कुणाशी काही नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा हात वर करून मला थांबवेल असं वाटलं, पण तो तिनं कपाळावरचे केस मागे सारायला उचलला होता.

मग म्हणाली, "काल सकाळी लगीन झालं."

मला पटकन कळलंच नाही. कुणाचं, असं मी विचारलं. खरंच विचारलं.

"नदीपल्याड, त्यांच्याच गावात. देवळात. धा मानसं आमची, धा त्यांची. वाजाप न्हाय, फोटू न्हाय. मोबाइल समद्यांचे पिशवीत घातलेलं. वय कमी हाय म्हनल्यावर पुरावा नको म्हनले ती लोकं."

मी विचारलं, ती काय म्हणाली.

"काय म्हनंल. रडली. सोमवारपासनं एकच घोकत हुती. काकू येनार हायत, त्या सांगत्याल. मंगळवारी सकाळपासनं त्या वळणाकडं तोंड करून बसली. दुपारी जेवली न्हाय. बुधवारी तिचा बाप मला म्हनला, पोरगी एवढं म्हनतीय तर इचार तरी त्या बाईंना. आत्यानं आनलेल्या स्थळाची मानसं तवा बैठकीला बसलीवती, अजून सुपारी फुटायची हुती."

ती थांबली. परातीतलं पाणी तिनं बोटानं निपटून टाकलं.

"बुधवारचे दोनी फोन मी केलंवतं," ती म्हणाली. "पोरगी माझ्या म्होरं हात जोडून उभी हुती. दुपारी तुमी उचलला न्हाय. संध्याकाळी परत लावला, वाजून वाजून बंद झाला. म्हटलं, हिचं खरं आसतं तर बाईंनी फोन उचलला आसता. मग मीच आत जाऊन सांगितलं, फोडा सुपारी."

 आत घड्याळाचा आवाज येत होता आणि लांब कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. मला वाटत होतं तिनं मला शिव्या द्याव्यात, चार घरं गोळा होतील अशा. तिनं दिल्या नाहीत. नुसतं विचारलं, कुठल्या कामात हुतात तुमी? मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, लग्नात. पंगतीचे फोटो काढत होते.

तिनं मान हलवली आणि उठून चुलीवर चहा ठेवला. नको म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. तिनं कपबशी माझ्या हातात दिली, आणि समोर बसून मी तो सगळा प्याले.